सूचक, अनुमोदक आणि पोपटी

'पेण,' असं मी छाती काढून सांगितल्यावर बिशपसाहेबांनी खिशात हात घालून मला पेन दिलं. निळ्या शाईचं, टोपणावर दातांच्या खुणा असलेलं.

जुलै 2008, कँटरबरीचा बसथांबा. भाची केंट विद्यापीठात एम.ए.चा प्रबंध लिहीत होती आणि आम्ही उभयता मदतीला गेलो होतो. ही स्वयंपाकाच्या, मी सल्ल्याच्या. नेमकी तेव्हाच तिथे लॅम्बेथ परिषद भरलेली. साधारण दहा वर्षांतून एकदा जगभरचे अँग्लिकन बिशप एकत्र येतात, तशी साडेसहाशेच्या आसपास मंडळी जमली होती आणि सुट्टीवर गेलेल्या पोरांच्या हॉस्टेलात उतरली होती. गावी ज्यांच्या पुढेमागे माणसं असतात, ते इथे हातात ताट धरून रांगेत उभे, असं भाची सांगायची.

पेन परत करून मी पेणचा महिमा सुरू केला. गणपतीच्या मूर्ती, शाडूची माती, डोळ्यांची आखणी, परदेशी जाणारी खोकी. जांभळ्या सदऱ्यातले ते आफ्रिकन गृहस्थ मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुम्ही देव निर्यात करता? आमच्याकडे तर ते आयात झाले." मला उत्तर सुचेना. तेवढ्यात ही, रोह्याची माहेरवाशीण, मराठीतच म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, आमच्या रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले 1954 सालीच जपानला शिमिझूच्या धर्मपरिषदेत बोलून आलेत." मी ते भाषांतरातून गाळलं. बसथांब्यावर एका वेळी एकाच गावाला वाव असतो.

मग मी परिषदेची चौकशी केली. सकाळी प्रार्थना, नंतर आठ-आठ जणांचं बायबलवाचन, नंतर चाळीसेक जणांच्या घोळक्यात 'इंदाबा'. हा झुलू भाषेतला शब्द. अर्थ, जमून बोलणं. आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी यंदा हीच पद्धत ठेवली होती.

"आणि ठराव?" मी विचारलं.

"ठराव नाहीत."

मी हादरलो. तेव्हाच अकरा वर्षं सोसायटीचा सचिव होतो. पाण्याच्या टाकीला झाकण बसवायचं तरी सूचक, अनुमोदक आणि आभारप्रदर्शन झाल्याशिवाय मी पाना उचलू देत नाही. आणि इथे अठरा-एकोणीस दिवस नुसतं बोलणं? इतिवृत्तात काय लिहायचं, चहा घेतला?

भाचीच्या खोलीवर परतून मी वाचन केलं. पहिली परिषद 1867ची, हजर बिशप 76. ती भरायला मोठं कारण झाले नाताळचे बिशप कोलेन्सो. नाताळ म्हणजे सण नव्हे, दक्षिण आफ्रिकेतला प्रांत. हे गृहस्थ मूळचे गणिती, त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून चालायचं. त्यांनी बायबलमधले आकडे पडताळले, ते जुळेनात, आणि धर्मसभा पेटली. याच कोलेन्सोंनी झुलू शब्दकोश केला होता. दीडशेक वर्षांनी त्या झुलूंचाच शब्द उसना घेऊन बिशप मंडळी भांडण मिटवायला बसली होती.

पण बिनठरावाची सभा मला कळली ती पुढच्या माघात, पोपटीच्या वेळी. इथे थोडा थांबतो, कारण पोपटीवर मी थोडक्यात बोलू शकत नाही. मडकं घ्यावं मातीचं, नवं नको, एक-दोन हंगाम जळलेलं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला. हा पाला एरवी बांधावर कोणी ढुंकून बघत नाही. मडक्यात गेला की त्याचा वास आठवडाभर सदऱ्यातून जात नाही. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च. पाणी? थेंबभर नाही. जो पाणी घालतो त्याच्याशी सोयरीक करू नये. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा नि गोवऱ्या पेटवायच्या आणि वाट बघायची. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला की चर्र झालं पाहिजे. तोवर शेतात, काळोखात, धुराने डोळे चोळत वीस-पंचवीस जण बोलत बसतात. विषयपत्रिका नसते. हाच आमचा इंदाबा. हे मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो आणि वर म्हणतो, "आमच्या पोपटीला मज्जाव कोणालाच नाही."

बिशपांवर मी तोंडसुख घेतो ते यामुळेच. 2008ला न्यू हॅम्पशायरचे जीन रॉबिन्सन, उघडपणे समलिंगी असलेले बिशप, यांना निमंत्रणच नव्हतं. ते तरीही कँटरबरीला आले आणि बाहेर राहिले. तरी दोनशेहून जास्त बिशप रुसून आलेच नाहीत. 2022ला सुधारणा झाली: अशा बिशपांना बोलावलं, पण त्यांच्या जोडीदारांना नाही. "हे काय बोलावणं झालं?" असं मी कट्ट्यावर हातवारे करून विचारलं. टाळ्या मिळाल्या.

यंदाच्या पोपटीची यादी नेहमीप्रमाणे मीच केली. मुंबईच्या पुतण्याला फोन लावला. तो सहा वर्षं एका मुलाबरोबर राहतो. घरात आम्ही त्याला 'रूममेट' म्हणतो; शब्द इंग्रजी असला की जीभ भाजत नाही. मी म्हणालो, "ये रे शनिवारी. पण... एकटाच ये हं."

"बरं, काका," तो म्हणाला. एवढंच. लहानपणी शेंगा सोलताना पहिला दाणा माझ्या तोंडात घालणारं पोर ते.

फोन ठेवला तर ही समोर पाल्याच्या काड्या निवडत बसलेली. वर न बघता म्हणाली, "बिशप झालात की."

मी इतिवृत्ताची वही उघडली, मिटली. चष्मा पुसला. पुन्हा फोन लावला.

"अरे, दोघं या. मी दोघांच्या शेंगा धरतो."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पुतण्या घसा खाकरून म्हणाला, "काका, पण तो शाकाहारी आहे."

म्हणजे मडकं वेगळं. हिने ते माळ्यावरून आधीच काढून ठेवलं होतं.