जिजीचं निदान

जळगावातल्या जुन्या गल्लीत तीन पिढ्यांचं एकत्र घर असलं, की त्यात एक जिजी हमखास सापडते. नजर उतरवावी तर तिनेच. साहित्य साधं: खडे मीठ, मोहरी, पाच सुक्या लाल मिरच्या. मूठ पोरावरून उतरवायची, ओठातल्या ओठात गल्लीतल्या समस्त संशयितांची यादी म्हणायची आणि सगळं विस्तवावर टाकायचं. ठसका लागला तर नजर नव्हतीच. लागला नाही, तर ती जबर होती. चूल गेल्यापासून हा प्रयोग गॅसवरच्या तव्यात होतो आणि निकाल वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही शिंकत शिंकत कळतो.

अख्खं घराणंच या खात्यात आहे. आत्या शनिवारी उंबऱ्यावर लिंबू-मिरची बदलते. मोठी सून अमावास्येला उतारा ठेवून येते. मागे वळून बघायचं नाही, हा त्यातला कडक नियम. पण अजिंठा चौफुलीसारख्या ठिकाणी मागे न बघता रस्ता ओलांडायचा, तर भुतापेक्षा ट्रकची भीती जास्त. धाकटी सून बी.एस्सी. आहे. तिचा कशावरच विश्वास नाही. स्कूटीला काळी बाहुली मात्र तिनेच बांधली.

विलायती चेटकीण म्हणे झाडूवर बसून उडते. खान्देशात ते जमायचं नाही. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, दिवाळीत तिला हळदकुंकू वाहायचं. तिच्यावर टांग टाकणारीला पहिला रट्टा जिजीच घालील. आणि कढईत बेडूक उकळायला वेळ आहे कोणाला? जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते कापसाच्या काड्यांवर भाजण्यातच या घराण्याची रात्र जाते.

‘चेटकीण’ हा शब्द मात्र जिजीपुढे थट्टेतही काढायचा नाही. वर सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं, जिवे मारलं, हे तिला ठाऊक आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. वकिली शिकणाऱ्या नातवाने तिला त्याची अनुसूची वाचून दाखवली: साप, विंचू, कुत्रं चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा. जिजीने सुपारी कातरत ऐकून घेतलं. म्हणाली, “विंचू चावल्यावर मी मोहरी नाही शोधत रे, रिक्षा शोधते.” पैसे तर ती घेतच नाही. चहा घेते.

तिचा खरा हातखंडा म्हणजे लग्नाळू नातू. पोरगा शेवभाजीची वाटी तशीच ठेवून उठतो, रात्री गच्चीवर एकटाच हसतो, पुटपुटतो. आई धास्तावते, बाहेरचं काही असेल म्हणते. जिजी मूठ उतरवते. पोरगा खोकतो, पण खोकतानाही मोबाइल खाली ठेवत नाही. जिजीचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे महत्त्वाचे निकाल ती अहिराणीत देते: “हाई भूत नही शे, हाई कोनी तरी आंडेर शे!” भूत नव्हे, कोणाची तरी लेक.

यात तिची चूक काढता येत नाही, कारण आपल्या भाषेनेच दोन्ही रोगांची लक्षणं एका कागदावर लिहिली आहेत. झपाटणं, भुरळ, मोहिनी, लागीर. २०१७ साली झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली, तेव्हा मांत्रिकाची मालिका समजून कोणी बसलं नव्हतं.

पुढचा तपास सोपा. पोरगा दर मंगळवारी अमळनेरला जातो, मंगळग्रह मंदिरात. मंगळ असलेल्यांची तिथे रीघ असते, हे खरं. पण याच्या पत्रिकेत मंगळ नाही. पत्रिका जिजीच्याच ट्रंकेत आहे. अमळनेर मात्र दोघांच्या सोयीचं: त्याला भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी, तिला धुळ्याहून एसटी. याच गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर उभं आहे आणि तिथे ब्रह्म आणि माया यांवर पुष्कळ खल झाला. जिजीपुढे प्रश्न एकच, पोरगी कोणाची? ती धुळ्याच्या आपल्या मैत्रिणीला, तिथल्या जिजीला फोन लावते. पलीकडून उत्तर येतं, “आमचीही मंगळवारीच जाते वं माय.”

आखाजीला जिजी माहेरी जाते, ती पोरगी बघायलाच. बघण्याचा कार्यक्रम नाही, पोहे नाहीत. “ये वं, तुझी नजर काढते,” एवढंच म्हणायचं. मूठ तोंडाभोवती सात वेळा फिरते तेवढ्यात उंची, दात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरची आठी, सगळं नोंदवून होतं. पोरगी फिसकन हसली, तिथेच पास झाली.

साखरपुड्याला दोन्ही जिज्या समोरासमोर आल्या. जळगावची पद्धत पाच मिरच्यांची, धुळ्याची सातची. माघार कोणीच घेईना. शेवटी बाराही मिरच्या एकाच तव्यात पडल्या. धुरात पाव्हणे खोकत अंगणात पळाले, भटजी पळाले, फोटोग्राफर कॅमेरा सोडून पळाला. आत नवरा-नवरी तेवढे बसून, एकमेकांकडे बघत. ठसका दोघांनाही नाही.

दोन्ही जिज्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग जळगावच्या जिजीने पदराची गाठ सोडली आणि मिरच्या नव्याने मोजायला घेतल्या.