परिषदेच्या निमित्ताने वडनेर : प्रतिनिधींसाठी सूचना

गाव वडनेर भोलजी आणि नोकरी पुण्यात, अशा माणसाला शेगावच्या परिषदेचं निमंत्रण आपोआप येत नाही. ते आणवावं लागतं. त्यासाठी आधी स्थळ पाहावं, विषय मागाहून सुचतो. शेगावला गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३पासून आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९पासून. या टापूत चर्चासत्र, कार्यशाळा असं काही ना काही भरतच असतं. आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘विदर्भाच्या विशेष संदर्भात’ एवढं जोडलं की काम होतं. मजकुरात विदर्भ आला नाही तरी कोणी विचारत नाही.

सरकारी नियमांत गावी जाण्यासाठी स्वग्राम आणि फिरण्यासाठी महाराष्ट्र दर्शन, अशा दोन वेगळ्या प्रवास सवलती ठेवल्या आहेत. परिषद ही दोन्ही कामं एकाच फेरीत करते, वर दैनिक भत्ताही देते. फक्त परिषद गुरुवार-शुक्रवारची बघावी आणि शनिवार-रविवारसाठी मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याच अर्जात मागावी. वेगळा अर्ज केला की साहेबांना वेगळा विचार करावा लागतो, आणि साहेबांना विचार करायला लावणं हे कर्मचाऱ्याच्या हिताचं नसतं.

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणेही घेते आणि शेगावही. वाटेत आधी मलकापूर येतं, मग नांदुरा. या दोन्ही ठिकाणी उतरून थेट घरी जाण्याचा मोह होईल, तो आवरावा. तिकीट शेगावचं आहे आणि पहिल्या दिवशीची सही महत्त्वाची आहे. नोंदणी करा, पिशवी घ्या, गळ्यात बिल्ला अडकवा. उद्घाटन पाहुणे आल्यावर होईल. पाहुणे आल्यावर दीपप्रज्वलन, त्यानंतर सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, मग बीजभाषण. आपला निबंध जेवणाआधीच्या सत्रात लावून घ्या. जेवणानंतर सभागृहात अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि ज्यांचा निबंध बाकी आहे तेवढेच उरतात.

हल्ली कार्यालयाला ठिकाणाचा शिक्का असलेला फोटो व्हॉट्सॲपवर लागतो. तो सभागृहातच काढून ठेवावा, दोन-तीन वेगवेगळ्या शर्टांत. नांदुऱ्याच्या हायवेवर उभं राहून काढू नये. तिथे मागे १०५ फुटी हनुमान येतो, आणि त्याला फोटोतून कापणं अजून कोणाला जमलेलं नाही.

गजानन महाराजांचं दर्शन गुरुवारी नको, रांग लांब असते. शुक्रवारी पहाटे उरकावं. स्टेशनवरची कचोरी गरम असतानाच, तळलेल्या मिरचीबरोबर, उभ्याउभ्या खावी. वडनेरला मात्र ती नेऊ नये. ज्यांच्या घरात कचोरी बाराही महिने येते, त्यांना शेगावहून कचोरी नेणारा माणूस फार दिवस बाहेर राहिलेला आहे, असं समजलं जातं. पुण्याहून निघतानाच बाकरवडी घ्या. पाकिटं मोजून घ्या आणि त्यात चार जास्तीची टाका.

आता मुख्य सत्र. वडनेर मलकापूर-नांदुरा रस्त्यावर, हायवेलाच आहे. पूर्वी याला सहा नंबर म्हणत, आता तो ५३ आहे. हाच रस्ता पुढे अकोल्याकडून अमरावतीला जातो, आणि त्याच टप्प्यात जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं. वडनेरमध्ये आत्याच्या घरून मित्राच्या घरी पोहोचायला याहून जास्त वेळ लागू शकतो, हे गृहीत धरून कार्यक्रम आखावा.

मित्राकडे आधी गेलात तर संपलात. गाडीतून उतरल्याचं आत्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. ती दारातच उभी असेल.

‘‘कवा आला रे बापू? अन् हे काय गयात? बिल्ला?’’

‘‘परिषद होती आत्या, शेगावला.’’

‘‘मंग जेवाले देलं का नाही त्यायनं?’’

इथे ‘दिलं’ म्हणालात तरी उपयोग नाही. पातेलं चुलीवर असतं. हिरव्या मिरच्या, तूरडाळ, वांगी आणि शेंगदाणे एकत्र शिजवून घोटलेली मिरचीची भाजी आणि सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेलं ते पीठ थापताना आत्या एकीकडे विचारते, की पगार किती झाला, पोरगी कितवीत आहे आणि बायको का नाही आली. या प्रश्नोत्तरांच्या सत्राला वेळमर्यादा नाही आणि अध्यक्षही नाही. पहिला घास सपाट्याने खाऊ नये. मिरची उशिरा पोहोचते.

त्यानंतर चहा. काका, वहिनी, शेजारची मावशी, जुने मास्तर, अशा क्रमाने. मास्तरांकडे बसायचंच, बाकी ठिकाणी कप हातात घेऊन उभं राहिलं तरी चालतं. मित्र तोवर फाट्यावर वाट पाहून घरी गेलेला असतो. त्याला रात्री जेवायला गाठा.

तो हमखास म्हणेल, ‘‘उद्या लोणार करू, दोन घंट्यात जाऊन येऊ.’’ विश्वास ठेवू नका. वडनेर जिल्ह्याच्या उत्तरेला, लोणार पार दक्षिणेला. मध्ये खामगाव आणि मेहकर आहेत, आणि दोन्हीकडे त्याची सासुरवाडीकडची माणसं आहेत. तरीही जा. जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं, उल्केच्या धडकेने बेसॉल्टमध्ये पडलेलं ते विवर आहे. २०२०च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभरच्या लोकांनी फोटो पाहिले, आणि आपण त्याच जिल्ह्याचे असून पाहिलेलं नाही, हे बरं दिसत नाही. निबंधाचा पाणी, दगड किंवा पर्यावरण यांच्याशी लांबूनही संबंध असेल तर अहवालात याला ‘क्षेत्रभेट’ म्हणावं. संबंध नसेल तर पेट्रोल मित्राच्या आणि तुमच्या खिशातून जाईल, अहवालातून नाही.

परतताना परिषदेची पिशवी उपयोगी पडते. त्यातली पुस्तिका वरच्या खणात सरकवून खाली आत्याचं तिखट, पापड आणि तुरीची डाळ भरावी. शिवण तपासून घ्या, अशा पिशव्यांचे बंद डाळीच्या वजनाने तुटतात. प्रमाणपत्र मात्र वेगळ्या फाइलीत ठेवा, तिखटाचा डाग पडला तर लेखा विभाग शंका काढतो.

पुढच्या वर्षीची तारीख ठरली की आधी आत्याला कळवा. आयोजकांना नंतर कळवलं तरी चालतं.