सातवं होम

आमच्या शेजारच्या काकांच्या संगणकावर बारा होम आहेत. ब्राउझर उघडला की वरच्या पट्टीवर ती ओळीनं दिसतात: होम, होम, वेलकम, होम, होम. काकांना सरकारी संकेतस्थळांचा नाद. त्यांतल्या बऱ्याच स्थळांच्या पहिल्या पानाचं नाव नुसतं 'होम' असतं आणि कंट्रोल-डी दाबलं की ब्राउझर ते नाव जसंच्या तसं उचलून खूण करून ठेवतो.

"काका, नाव बदलता येतं. त्यावर उजवं क्लिक करायचं..."

"कशाला? तिसरं होम सातबाऱ्याचं, पाचवं पेन्शनचं, सातवं विजेचं. आठवं... थांब, आठवं पूर्वी रोजगार हमीचं होतं."

काकूंच्या फडताळातल्या एकाही डब्यावर चिठ्ठी नाही, तरी अंधारात हात घातला तर हिंगाच्या जागी हिंगच लागतो. तीच विद्या काकांनी पट्टीवर आणली आहे. फरक एवढाच, की काकूंचे डबे रोज उघडले जातात.

साताऱ्यात, आणि साताऱ्याबाहेरही, असा एक गृहस्थ प्रत्येक कॉलनीत असतो. दुसऱ्या टोकाला माझ्यासारखे लोक. आम्ही गूगलच्या पानावर जाऊन 'गूगल' असं टाइप करतो आणि रोज जायच्या ठिकाणी रोज नव्यानं पत्ता विचारत जातो. काकांना याची कीव येते. "अरे, एकदा खूण करून ठेव, एका क्लिकात पोचशील," हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय, की मला ते त्यांच्या आवाजातच आठवतं.

काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. कचेरीत संगणक आला तेव्हा त्यावर निळा 'ई' होता, आणि त्यात खुणांना 'फेवरिट्स' म्हणत. म्हणून काका आजही "फेवरिटात टाक" असंच म्हणतात, मग ब्राउझर कुठलाही असो. तो निळा 'ई', म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर, मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला बंद केला. मी बातमी सांगितली तर म्हणाले, "म्हणजे माझ्या मागून रिटायर झाला."

पट्टी ही नुसती ओसरी. खरा संसार आतल्या फोल्डरांत. कचेऱ्यांतून कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धत असते. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेखात पाठवायचे, आणि सहावा गठ्ठा ड वर्गाचा, म्हणजे नाश करायच्या कागदांचा. काकांनी ती पद्धत बुकमार्कांना लावली. नातवाच्या शाळेचं पान प्रलंबितात. रेल्वे आरक्षण प्रतीक्षाधीनात, आणि ते बरोबरच आहे. मधुमेहाविषयीचे सगळे लेख स्थायी आदेशात. उकडीचे मोदक अभिलेखात, कारण काकूंनी ते पान एकदा पाहून "पाणी चुकलंय" असा शेरा मारला होता. हयातीच्या दाखल्याच्या खुणेला मात्र त्यांनी आपल्या हातानं नाव दिलंय: 'मी आहे'. नोव्हेंबर आला की तेवढी उघडतात.

सहावा गठ्ठा रिकामा आहे. 'नको असलेले बुकमार्क कसे काढावेत' या विषयावरचे तीन लेख मी स्वतः पाहिले, पण ते पहिल्या गठ्ठ्यात, प्रलंबित.

आता पोचण्याचं. सातबारा हवा असला की काका आधी तिसऱ्या होमवर जातात. तिथं 'तुमचं सत्र संपलं आहे' असं येतं, कारण काकांनी खूण केली ती आत शिरल्यावरच्या पानाची, आणि तो दरवाजा त्याच दिवशी बंद झालेला. मग ते गठ्ठ्यांत शोधतात. दहा मिनिटांनी, कुणी बघत नाहीसं पाहून, माझ्यासारखंच गूगलला विचारतात. पान उघडतं, आणि पत्त्याशेजारची चांदणी निळी झालेली दिसते. निळी म्हणजे ही खूण आपण आधीच केलेली आहे. त्या क्षणी काकांचा चेहरा बघावा! "बघ, आपल्याकडे होतंच!"

पुण्याच्या भाच्यानं एकदा सांगितलं, "मामा, एवढे गठ्ठे लागतच नाहीत. पत्त्याच्या जागी नावातली दोन अक्षरं टाका, तुमची खूण आपोआप वर येते." हे खरं आहे, काकांनी करूनही पाहिलं. पण त्या दिवशी ते जेवताना गप्प होते. आयुष्यभर दप्तर लावलेल्या माणसाला दप्तराची गरज नाही असं सांगू नये.

मध्यंतरी संगणक अडला. दुरुस्तीवाल्या पोरानं न विचारता तो कोरा करून दिला. काकू हळहळल्या. काका शांत. त्यांनी दर पंधरवड्याला सगळ्या खुणा एका फाइलीत काढून पेनड्राइव्हवर ठेवलेल्या होत्या. मी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव! १९९४ मध्ये आलेला तो ब्राउझर, २००८ मध्ये त्याचा कारभार आटोपला, आणि आजचे ब्राउझर खुणा बाहेर काढताना अजून त्याचाच मसुदा भरतात. मला गंमत वाटली, काकांना काहीच वाटलं नाही. "इंग्रज गेले, त्यांचे नमुने आम्ही भरत होतोच की."

फाइल परत आत घेताना मात्र हात सैल सुटला. एकदा घेतली, दिसेना म्हणून पुन्हा घेतली, मग खात्रीसाठी आणखी एकदा. ब्राउझरनं तीन फोल्डर केले आणि तिघांवर 'इम्पोर्टेड' लिहिलं. आयुष्यभर खादी वापरलेल्या घरात एका दुपारी एवढा परदेशी माल आला.

मी हे सगळं हसत लिहितोय, पण मार्चमधली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलानं वीजबिल भरायला गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर बोट ठेवलं. रंग तोच, बोधचिन्ह तेच, पत्त्यात मात्र एक अक्षर जास्त. कार्डाचा नंबर टाकणार, तेवढ्यात काका काही कामानं तिथं आले. चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चांदणी निळी नाही. हे आपलं नव्हे."

आता आमच्या इमारतीतली चार घरं दर महिन्याला वीजबिल घेऊन काकांकडे जातात. सातवं होम.