नाना बसल्याशिवाय सौदा नाही

सिरसाळ्यात घर घ्यायचं तर तीन गोष्टी लागतात. पैसे, बायकोचा होकार आणि नाना. पैसे कमी पडले तर पतसंस्था आहे. होकार कमी पडला तर सासुरवाडीला मध्ये घालता येतं. नानांना मात्र पर्याय नाही. त्यांच्याशिवाय कुणी सौदा केलाच, तर कितीला घेतलं हे विचारायच्या आधी गाव विचारतं, 'बैठकीला कोण होतं?' 'कुणी नाही, आमचं आम्हीच बोललो,' असं उत्तर आलं की विचारणारा नुसता 'बरं' म्हणून चालता होतो. त्या 'बरं'नं नव्या घरातली पहिली आठ-दहा दिवसांची झोप उडते.

हे नाना कुणाचे सख्खे नाना नव्हेत. परळी-बीड रस्त्यावरच्या बहुतेक गावांत असा एक माणूस आहे. कुठं तो आबा असतो, कुठं तात्या. आमचे नाना साठी ओलांडलेले, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खांद्यावर उपरणं. शर्टाच्या खिशात दोन पेनं, त्यातलं एक चालतं. न चालणारं पेन इसार पावतीवर सही करायची वेळ आली की बाहेर निघतं. ते झटकायचं, फुंकायचं, कागदाच्या कोपऱ्यावर गिरवून बघायचं. तेवढ्यात समोरच्याच्या तोंडून एखादी राहिलेली गोष्ट निघून जाते. 'दलाल' म्हटलेलं नानांना खपत नाही. दलाल टक्का घेतो. नाना चहापाणी घेतात. हे चहापाणी दोन्हीकडून येतं आणि ते चहापेक्षा बरंच महाग असतं, ही गोष्ट वेगळी.

नाना मुळात हेडी. जनावरांच्या बाजारात त्यांची उमर गेली. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांचे हात जातात आणि बोटं बोलतात. दोन बोटं दाबली म्हणजे दोन, पंजा धरला म्हणजे पाच. ते पाच हजार की पन्नास हजार, हे समोरच्या बैलाकडं बघून ज्याचं त्यानं समजायचं. भोवती वीस माणसं उभी असतात. सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतं, पण कितीचा ते दोघांनाच ठाऊक. पुढं गावोगाव ट्रॅक्टर आले. 2015 मध्ये राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली, थकल्या जनावराला गिऱ्हाईक राहिलं नाही, बाजार बसला. त्याच सुमारास रस्त्याकडेच्या वावरांत चुन्याच्या रेघा पडू लागल्या. नानांनी दावं सोडलं आणि टेप धरला.

नजर मात्र तीच राहिली. घरात शिरताना नाना उंबऱ्यावर थांबतात आणि घराकडं असं बघतात, की आता हे घर चार पावलं चालून दाखवणार आहे. 'स्लॅब किती दाती?' असं खरंच विचारतात. नवं असेल तर दोनदाती, दहा-बारा वर्षांचं असेल तर जुळलेलं. मग खिशातली किल्ली काढून भिंतीवर टकटक. आमच्याकडं वीटभट्ट्या आहेत आणि परळीच्या औष्णिक केंद्राची राखही विटांत जाते, त्यामुळं 'मातीची का राखेची?' हा प्रश्न ठरलेला. उत्तर कुठलंही आलं तरी नाना 'अरे अरे' म्हणतात. माती म्हटलं तर वीट जड आहे म्हणून, राख म्हटलं तर राखेची आहे म्हणून.

परवा एका झेडपीच्या सरांचं पहिलं घर ठरलं, तेव्हा मी त्या बैठकीला होतो. माझं काम चहा पिणं आणि अधूनमधून 'नाना म्हणतेत ते खरंय' म्हणणं. निघायच्या आधी नानांनी सरांच्या बायकोला बाजूला घेऊन बजावलं, "सूनबाई, घर आवडलं तरी तोंडावर दिसू द्यायचं न्हाई. बैल घेताना पाठीवर हात फिरवला की हजार वाढायचे. इथं लाखाचा मामला आहे."

वहिनींनी मान डोलावली आणि त्या गंभीर चेहऱ्यानं सगळं घर फिरल्या. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला निघाली. ओट्यावर सकाळचं ऊन पडलं होतं. वहिनी नकळत म्हणाल्या, "अगं बाई, इथं तर दिवा लावायची गरजच नाही!" घरमालकाच्या मिशा हलल्या. नानांनी डोळे मिटले. आणि लगेच सावरून म्हणाले, "तेच म्हणतेय ती. उन्हाळ्यात इथं उभं राहून भाकरी कशी थापायची बाईनं?"

त्यानंतर नानांनी जे विचारलं, त्यासाठी त्यांना चहापाणी द्यायला माझी हरकत नाही. भाव विचारायच्या आधी त्यांनी मालकाला विचारलं, "बहिणी किती?"

घराला दात नसतात, बहिणी असतात. आणि दात लपवता येत नाहीत, तशा बहिणीही. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत लेकांच्या बरोबरीचा हिस्सा आहे. सातबारा, नमुना आठ, घरपट्टीची बेबाकी सगळं चोख असावं आणि खरेदीखत झाल्यावर धारूरहून एक आत्याबाई उतरावी, असे सौदे नानांनी पाहिलेत. मालकानं उत्तर द्यायच्या ऐवजी आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळा कागद आणला. निजामाच्या काळातला, उर्दूत. बैठकीतल्या कुणालाच वाचता येत नव्हता, म्हणून सगळ्यांवर त्याचा दाब पडला. मालक म्हणाला, "आज्याच्या नावाचं हाय सगळं यात." नानांनी कागद आदरानं हातात घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, "यात बहिणी कुठं लिहिल्यात?"

बहिणी दोन निघाल्या. हक्कसोडपत्र झाल्याशिवाय बाकीचे पैसे नाहीत, हे तिथंच ठरलं. गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मिळालेलं मिळकत पत्रिकेचं कार्डही मालकाकडं होतं. ते नानांनी फक्त डावीकडून उजवीकडं फिरवून परत दिलं. ड्रोनवर त्यांचा अजून विश्वास नाही. जो माणूस खाली उतरून भिंत बघत नाही, त्याला घर काय कळणार, असं त्यांचं मत आहे.

मग बैठक बसली. मालकानं 14 लाख सांगितले. सांगताना रेल्वेचं नाव घेतलं. आमच्या जिल्ह्यात ही सोय आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला, तेव्हापासून आमच्या जागांचे भाव त्या रेल्वेत बसून पुढं पुढं जाताहेत. 17 सप्टेंबर 2025 ला गाडी खरोखर बीडपर्यंत आली, आणि आता परळीकडचं काम उरलंय म्हटल्यावर मालकांना आवरणं कठीण झालंय. नानांनी शांतपणे विचारलं, "रेल्वे घरातून जाणार हाय का बाहेरून? घरातून जाणार असंल तर सरकार घेईल, आम्ही कशाला? अन् बाहेरून जाणार असंल तर लेकरं झोपतील कशी?" आणि 9 लाख म्हणाले.

14 आणि 9. मधलं साडेअकरा बैठकीतल्या लहान पोरालाही कळत होतं. तरी पुढं दोन तास गेले. कुणाच्या पोरीचं जमलं, कुठल्या कारखान्याचा पट्टा कधी पडणार, ऊसतोडीला गेलेली माणसं कधी येणार, पाऊस. अधूनमधून मालक 'त्याच्या खाली परवडत नाही' म्हणायचा आणि नाना उठायचे. नानांचं उठणं बघण्यासारखं असतं. पहिल्यांदा ते नुसतं उपरणं झटकतात. दुसऱ्यांदा चपलेपर्यंत जातात. तिसऱ्यांदा चपलेत एक पाय घालतात. दुसरा पाय घालायच्या आत मालकाच्या मेव्हण्यानं हात धरून परत आणायचं, अशी रीत आहे. मेव्हणा फोनवर बोलत राहिला तर मोठीच अडचण. या वेळी तसंच झालं. नाना एका पायात चप्पल घालून पट्टा लावत, काढत, परत लावत उभे राहिले. शेवटी मीच म्हटलं, "नाना, चहा तर घेऊन जा." ते इतक्या चटकन परत आले की सरांना हसू आवरेना.

मला खरी गंमत मात्र दुसरीकडं दिसली. मालकाच्या बाजूनंही एक नाना होते, वडवणीकडचे. दोघे जुने बाजारातले. 14 आणि 9 हे आकडे उच्चारले गेले आणि पहिला चहा आला, तेव्हा दोघं शेजारी शेजारी टेकले. आमच्या नानांनी उपरणं दोघांच्या मांडीवर पसरलं. चहा सांडू नये म्हणून, असं वाटावं. उपरणं थोडं हललं. पाव्हण्यानं मान तिरकी केली, उपरणं परत हललं, आणि दोघांनी बशीत चहा ओतला. भाव ठरला होता. उरलेले दोन तास आमच्यासाठी होते.

नंतर मी नानांना हे विचारलं, तर त्यांनी नाकारलं नाही. "लगेच दिला असता तर मालक म्हणला असता, अजून मागायला पाहिजे होतं. सर म्हणले असते, अजून तोडायला पाहिजे होतं. दोघंबी जन्मभर कुढले असते. आता दोघं दमलेत, झोपतील." शिकल्यासवरल्या माणसानं याला लबाडी म्हणावं. मला ती पूर्ण लबाडी वाटत नाही. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा आकडा काढला होता. दोन तास भांडून गेलेला पैसा आणि दोन मिनिटांत गेलेला पैसा हे त्यांना सारखे वाटले नसते.

11 लाख 51 हजार. टाळ्या झाल्या, पेढ्याला पोरगं पाठवलं. आणि सगळे उठणार तेवढ्यात सरांनी सहज विचारलं, "बोअरची मोटार यातच ना?"

परत सगळे खाली बसले. मालक म्हणाला, मोटार वेगळी. खरं सांगायचं तर आत्तापर्यंतचा सगळा खेळ होता, सौदा आता सुरू झाला. भिंती कुठंही मिळतात. ज्या मुलखात 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं, तिथं चालू बोअर असलेलं घर म्हणजे बोअरला लागून असलेलं घर. पाच लाखांची तफावत ज्यांनी चहा पीत मिटवली, ते दोन्ही नाना मोटारीवरून आवाज चढवून बोलू लागले. उपरणं कुणी पसरलं नाही. पाइप कुणाचा, केबल कुणाची, स्टार्टर दोन वर्षांपूर्वी बदललाय त्याचे पैसे. मालकीणबाई आतून म्हणाल्या, "मोटार माझ्या भिशीच्या पैशाची हाय!" यावर नानांकडं उत्तर नव्हतं. ते वहिनींकडं बघायला लागले. वहिनी उठून आत गेल्या. पाच-सात मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. मोटार, पाइप, केबल, स्टार्टर सगळं घरासोबत. बदल्यात मालकीणबाईंनी परसातली कढीपत्त्याची आणि मोगऱ्याची रोपं न्यायची आणि दर आषाढीला वहिनींनी त्यांना जेवायला बोलवायचं. असा सौदा दोन्ही नानांनी कधी पाहिला नव्हता. त्यांचं तोंड बराच वेळ उतरलेलं होतं.

इसार पावतीचा बाँड आला. 2024 च्या ऑक्टोबरपासून शंभराचा बाँड बंद होऊन पाचशेचा लागतो. ते पाचशे अडीचशे-अडीचशे वाटून घेण्यात आणखी एक चहा गेला. नानांचं पेन नेहमीप्रमाणे चाललं नाही.

रजिस्ट्रीला परळीला गेलो. दस्त लिहिणाऱ्यानं सुचवलं, घर वहिनींच्या नावावर करा, बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, 2021 पासून. सरांनी मोबाइलवर हिशोब केला. 11 हजार 510 रुपये. सरळ वाचले. ना बैठक, ना चप्पल, ना चहा. सर आणि वहिनी एकमेकांकडं बघून हसले. नाना मात्र गप्प झाले. अंगठ्याचे ठसे झाले, फोटो झाले, शिक्के पडले, तरी गप्पच. बाहेर येऊन रसवंतीवर बसल्यावर त्यांनी सरांचा हात धरला.

"सर, एक इचारू? त्या साहेबानं तुमाला न मागता कमी केलं?"

"हो नाना. कायदाच आहे."

नानांनी उसाचा रस खाली ठेवला. "म्हंजी भाव आधीच जास्त लावला व्हता. तुम्ही मला आत बोलवायला पाहिजे व्हतं. बसलो असतो की साहेबासंग."