मौजे भांडुप यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री मौजे भांडुप, तालुका कुर्ला, जिल्हा मुंबई उपनगर यांचे सेवेसी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपणांस 'मौजे' म्हणून संबोधिले याचा राग नसावा. आपल्या हद्दीत उंच इमल्यावरची सदनिका विकत घेणारा गृहस्थ जो दस्त नोंदवितो, त्यात वाहनतळ, उद्वाहन आणि व्यायामशाळा यांचे यथासांग वर्णन झाल्यावर मिळकतीचा ठिकाणा म्हणून 'मौजे भांडुप' हेच शब्द येतात. नांगर गेला, बांध गेले, खळी गेली, तथापि महसुली दप्तरातील आपले खेडेपण अद्याप अबाधित आहे, ही गोष्ट आम्हां रहिवाशांस अभिमानास्पद वाटते.

मात्र ज्याला खेडे म्हणावे त्याने खेड्याच्या मर्यादेत राहावे, असा संकेत आहे. आपण महापालिकेच्या ज्या एस विभागात मोडता, त्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या ७,४३,७८३ होती. कांजूर, विक्रोळी, पवई या शेजाऱ्यांच्या माथी त्यातील काही भार टाकला, तरी एखाद्या मौजाने इतकी प्रजा बाळगावी हे काहीसे उधळेपणाचेच आहे. कायद्याने ग्रामपंचायतीस सात ते सतरा सदस्य मिळतात. २०१७ साली या संबंध विभागाने महापालिकेवर निवडून दिलेले नगरसेवक भरले चौदा. म्हणजे खेडेपणाची एक अट तरी आपण कसोशीने पाळलीत! पुढे मार्च २०२२ मध्ये त्यांचीही मुदत संपून प्रशासक आला आणि काही वर्षे पंच म्हणावयासही कोणी उरले नव्हते.

आपली नम्रता तर विलक्षणच. मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क १८४३ साली आपल्याकडे आले असता मुंबईहून ठाणे, कल्याण आणि घाटांकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांना प्रथम सुचली, असे म्हणतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी आपल्याच अंगणातून ठाण्यास गेली. दुसऱ्या एखाद्या गावाने एवढ्या पुण्याईवर स्मारक, पुतळा आणि वार्षिक महोत्सव असा त्रिविध लाभ पदरात पाडून घेतला असता. आपण मात्र जलद गाडीच्या थांब्यावरच संतुष्ट राहिलात.

अधिकाराच्या बाबतीत आपली स्थिती ब्रह्माचे निरूपण करणाऱ्या वेदान्त्याप्रमाणे 'नेति नेति' म्हणूनच सांगावी लागते. ठाणे जिल्ह्यातील साष्टीचे आपण जुने गाव. पुढे बृहन्मुंबईची वेस सरकत सरकत आपल्यापर्यंत आली तेव्हा आपण नगरात आलात. १ ऑक्टोबर १९९० रोजी उपनगरांचा जिल्हा निराळा झाला. केरकचऱ्याचे गाऱ्हाणे घेऊन लालबहादूर शास्त्री मार्गावरील विभाग कार्यालयात जावे. जमिनीचे असल्यास कुर्ला तालुक्याच्या तहसीलदारांकडे, आणि कुर्ल्याचे हे तहसीलदार बसतात मुलुंडास! वीज मात्र सर्वांवर कडी करते. मुंबईच्या इतर भागांस बेस्ट, टाटा, अदानी यांचे दिवे लाभले असता आपण आणि मुलुंड महावितरणाच्या पदरी पडलात. त्या खात्याने आपल्या नावाने परिमंडळ स्थापून त्यात ठाणे, वाशी, एवढेच नव्हे तर पेणही घातले. गणपतीच्या मूर्तींकरिता विख्यात असलेल्या पेणेत वीज गेली, तर वरिष्ठ दरबार म्हणून भांडुपाचे नाव निघते. पूर्वीच्या एखाद्या सुभेदारासही ही जहागीर अपुरी वाटली नसती.

त्याहून मोठे ऐश्वर्य पाण्याचे. राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या जलशुद्धीकरण संकुलातील एकट्या मुख्य केंद्राची क्षमता दररोज १९१ कोटी लिटर, म्हणजे अर्ध्या मुंबईची तहान आपल्या ओटीवर भागते. त्याच टेकड्यांच्या उतारावर राहणारे आपले प्रजाजन हंडा घेऊन नळाकडे टक लावून बसतात, याचे कारण आपले आतिथ्यच असावे. पाहुण्यांची पंगत उठल्यावाचून घरच्यांनी पानावर बसू नये, ही खेड्यातील रीत आपण सोडलेली नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की आपण कागदोपत्री खेडे आहातच, तर एक ग्रामसभाही बोलवावी. गणपूर्तीस शंभर मतदार पुरतात, त्यामुळे उरलेल्या लाखोंची चिंता नको. जागेची सोय आम्ही पाहून ठेविली आहे: लालबहादूर शास्त्री मार्ग, सायंकाळी सहा वाजता. त्या वेळी रहदारी तेथे थांबलेलीच असल्याने कोणाचाही खोळंबा होणार नाही. तारीख तेवढी दवंडी पिटून कळवावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक खातेदार
(क्षेत्र: साडेचारशे चौरस फूट, जिरायत)