हुकमाची तामिली

महसूल खात्यात उमेदवारीपासून अव्वल कारकुनाच्या पदापर्यंत ज्याने हयात घालवली, त्या गृहस्थाला हुकूम कसा द्यावा हे पडद्यावरच्या एका कासवाने शिकवावे, हा कलियुगाचा महिमा असला तरी मला तो अद्याप मंजूर नाही. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पेपर्टप्रभृती मंडळींनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा रचली, आणि पुढे तिच्या दिमतीला हे कासव आले. ‘चार वेळा: शंभर पुढे, नव्वद अंश उजवीकडे’ एवढ्या फर्मानावर ते बिनतक्रार चौरस काढते.

आमचे हुकूम निराळ्या कुळातले! ‘सदरहू प्रकरणी नियमानुसार उचित ती कार्यवाही विनाविलंब करण्यात यावी’ हे माझे लाडके वाक्य पाहा: कर्मणी प्रयोगाची योजना अशी, की कर्ता प्रत्यक्ष पाणिनीलाही सापडू नये, ‘उचित’ काय ते ज्याचे त्याने ठरवावे, आणि ‘विनाविलंब’ हा शब्द तर फाइलीवर धूळ बसण्यास कसलीही आडकाठी करीत नाही. तामिली झाली तर श्रेय सही करणाऱ्याचे, न झाली तर ताकीद शिपायाला. ही रचना मी नातीला अभिमानाने ऐकवली, तेव्हा तिने विचारले, “पण आजोबा, किती पावलं? आणि वळायचं कुठे?”

मग ती कासवाकडून समभुज त्रिकोण काढवायला बसली. त्याचा कोन साठ अंशांचा, म्हणून तिने तीनदा साठ अंश वळण्याची आज्ञा दिली, आणि पडद्यावर अर्धा षट्कोन अवतरला. माझा हात सवयीने तांबड्या पेन्सिलीकडे गेला. ती मात्र उठली, फरशीवर स्वतःच कासव होऊन चालली, आणि म्हणाली, “मी आतला कोन लिहिला, हे तर बाहेरून वळतं! पूर्ण फेरी तीनशे साठची, तिचा तिसरा हिस्सा एकशे वीस.”

आमच्या मास्तरांनी अशा वेळी उत्तर पाहिले, फुली मारली, छडी उचलली. कोणत्या पायरीवर पाऊल वाकडे पडले हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि आमच्या पिढीतली कितीतरी बुद्धिमान मुले पाटी हाताने झाकून गणितातून कायमची परागंदा झाली. जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ पियाजेंच्या सहवासात मुलांचे विचार न्याहाळलेल्या पेपर्टचा आग्रह एवढाच, की चूक हा गुन्हा नव्हे, दुरुस्तीचा पत्ता आहे. हे वाक्य साठ वर्षे उशिरा माझ्या टपालात आले याचा मला राग येतो.

तरीही खात्याच्या इभ्रतीखातर मी नातीला बजावले, की सांगितले तेवढेच करणाऱ्या नोकराला कचेरीत कामचुकार म्हणतात. ती म्हणाली, “मग हुकूमच बदलायचा ना, आजोबा?”

या सूचनेवर यथावकाश उचित ती कार्यवाही करण्यात येईल.