वरच्या काकूंची चादर

मुलीच्या शाळेने सातवीच्या वर्गाला डिजिटल पोर्टफोलिओ करायला सांगितला, तेव्हा घरातला संगणकसाक्षर म्हणून मी बाह्या सरसावल्या. पोर्टफोलिओ हा शब्द मला तोवर शेअरबाजारापुरता ठाऊक होता, आणि तिथेही तो माझ्याकडे असताना कधी वर गेला नव्हता.

बालवाडीतल्या लिंबू-चमच्यापासूनची सगळी प्रमाणपत्रं मी स्कॅन केली. गूगल साइट्सवर पान केलं, डोक्यावर सूर्योदय चढवला. फुकटच्या १५ जीबीतली निम्मी जागा स्नेहसंमेलनांच्या व्हिडिओंनी गिळली.

‘‘कसं दिसतंय?’’

‘‘लग्नाच्या हॉलसारखं,’’ कन्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप : पान उघडत नाही, परवानगी मागतंय. लिंक मी फक्त माझ्यापुरतीच खुली ठेवली होती. ती सुधारली, तर पुढचा निरोप त्याहून वाईट. ‘‘हे सगळं तिला मिळालेलं झालं. ती शिकली काय, ते कुठंय? चारच गोष्टी ठेवा, पण आधी काय चुकलं आणि मग काय बदललं, हे तिचं तिला लिहू दे.’’

चुकलेलं दाखवायचं? आमची पिढी बारावीच्या फिजिक्सच्या जर्नलवर वाढली. त्यात आमच्या दोलकाने कधी ९.८ची वेस ओलांडली नाही. आधी उत्तर लिहायचं, मग निरीक्षणं त्याच्या मापाची शिवायची. आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रगतिपुस्तकात मुलांनी स्वतःचं मूल्यमापन करायचं, शिवाय सोबत्यांनीही त्यांचं करायचं. सोबत्यांचं मूल्यमापन आम्हीही करत असू. कर्कटकाने, बाकावर.

मग तिने माझ्या हातून माउस काढून घेतला आणि पावसाळ्यात केलेला पर्जन्यमापक वर आणला. दोन लिटरची बाटली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला. पहिल्या फोटोखाली तिची ओळ : ‘तळाला खळगे आहेत, म्हणून सुरुवातीचे मिलिमीटर खोटे.’ दुसऱ्या फोटोत तळाशी खडे, त्यांच्यावर येईल इतकं पाणी आणि त्या पाण्याच्या रेषेवर शून्याची खूण. तिसऱ्यात लख्ख ऊन, आणि बाटलीत ११ मिलिमीटर! मी असतो तर हा फोटो गुपचूप उडवला असता, नाहीतर ११चा ० केला असता. तिने खाली लिहिलं होतं : ‘पाऊस नव्हता. वरच्या काकूंची चादर होती. उद्यापासून बाटली गच्चीवर.’ चौथ्यात बाटली गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून लांब. ‘लांब का?’ याचं उत्तर चाळीस सेकंदांच्या आवाजी नोंदीत होतं : टाकीचा आडोसा झाला तर तिरका पाऊस बाटलीत पडणार नाही. मध्येच कुकरची शिट्टी. ती कापून टाकायला मी हात पुढे केला, तर हातावर चापट बसली.

बाईंनी ते पान उघडलं. चादरीच्या नोंदीखाली त्यांनी विचारलं, ‘मग आधीच्या दिवसांचे आकडे खरे कशावरून?’ कन्या दोन दिवस काकूंच्या घरी जाऊन, त्यांना आठवेल तसं, धुण्याचं वेळापत्रक लिहून घेत होती.

शेवटी ‘मदत कोणाची घेतली’ असा रकाना होता. तिने तो इमानदारीने भरला : ‘खडे – वॉचमनकाका. मोजायची टेप – आजी. सूर्योदय – बाबा (काढून टाकला).’